मागच्या सीटचे पैसे

इसरू मिस्त्री खोटं बोलतो हे आधी वच्छलानंच पकडलं, आणि पुढचा सगळा घोटाळा तिथूनच सुरू झाला.

बिलात मिस्त्रीनं लिहिलं होतं, क्लच प्लेट आणायला माणूस नागपूरला धाडला, त्याचं जाण्यायेण्याचं भाडं आणि खाणंपिणं. डॉक्टर दुर्गे, म्हणजे वच्छलाचा नवरा, ते वाचून खिशात हात घालायलाच निघाला होता. माणूस हुशार, पण पैशाच्या बाबतीत वाद घालायची त्याला लाज वाटायची. वच्छला तान्ह्या बाळीला खांद्यावर टाकून मागं उभी होती. ती म्हणाली, "कोणता माणूस गेला होता, मिस्त्री?"

"होता आपला एक."

"नाही, विचारते यासाठी की परवा चंद्रपूरच्या एसटीच्या टपावरून तुमचं पार्सल उतरलं. तुम्हीच उतरवून घेतलं. कंडक्टरनं चहापाणी मागितलं, तर तुम्ही त्याच्या हातावर चिमूटभर तंबाखू ठेवली."

गॅरेजसमोरच्या टपरीवर चहा पीत बसलेली मंडळी खदखदून हसली.

"मिस्त्री, चूप बस आता!" बापूराव टपरीवाला ओरडला. "डॉक्टरीनबाईच्या खिडकीखालून मुंगी जात नाई तिले ठाऊक नसताना!"

ते खरंच होतं. दुर्ग्यांचं घर गोंडपिपरीच्या एसटी स्टँडसमोर. खाली दवाखाना, वर बिऱ्हाड. बाळी झाल्यापासून वच्छलाचा दिवस खिडकीतच जायचा. पोर मांडीवर आणि डोळे रस्त्यावर. कॉलेजात असताना तिनं इतिहासाची जाडजाड पुस्तकं पालथी घातली होती. आता कोणाची म्हैस कोणाच्या दारात बसते, ते तिला पाठ होतं.

मिस्त्रीनं कानामागची पेन्सिल काढून ती ओळ खोडली. त्याचा चेहरा काळाठिक्कर पडला होता. एरवी वच्छलाला एवढ्यावर दिवसभर पुरेल इतका आनंद झाला असता. पण डॉक्टरला आता जोर चढला.

"आणि हे काय? मागची सीट नवी करणे? गाडी आणली तेव्हा सीटला काहीएक झालेलं नव्हतं."

मिस्त्रीनं नुसतं गाडीकडं बोट केलं. सेकंडहँड फियाट, फिक्या निळ्या रंगाची, गॅरेजच्या मागच्या उघड्या अंगणात उभी होती. त्या अंगणाला कुंपण असं नव्हतंच. पलीकडं नाला, नाल्यापलीकडं जंगल. गाडीचं मागचं एक दार काढून भिंतीला टेकवून ठेवलेलं. कुलूप दुरुस्त करायला काढलं होतं. आत मागच्या सीटचं रेक्झिन उभं चिरलेलं, स्पंजाचे लचके बाहेर आलेले, स्प्रिंगा दात विचकल्यासारख्या वर.

"अस्वल शिरलं होतं, सायब," मिस्त्री म्हणाला.

पुन्हा हशा पिकला. "अस्वलाले आष्टीले जायचं असन!" बापूराव म्हणाला. "एसटीत जागा भेटली नसन बिचाऱ्याले."

"हासा तुमी! सायब, मोहाचा सीझन हाय. अस्वलं गावापर्यंत येऊन राह्यले. आमच्या पोचूनं डोळ्यानं पाह्यलं, डबा वाजवून हाकललं. तुमच्या गाडीत काहीतरी खायचं होतं. त्याबिगर अस्वल शिरत नाई गाडीत. मंग त्याचे पैसे म्या काऊन भरू?"

"गाडीत काय असणार?" डॉक्टर बायकोकडं वळला. "काय गं, आपण काही ठेवलं होतं का गाडीत?"

वच्छलानं बाळीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"नाही," ती म्हणाली.

ठेवलं होतं. बाळी झाल्यावर तिला दूधच पुरेना. पोर ओढायचं आणि रडायचं. डॉक्टर म्हणाला, पावडरचा डबा आहे ना, एवढं काय मनाला लावून घेतेस? पण ते तिच्या मनाला लागलंच. रात्रीबेरात्री उठून ती पोराची नाडी बघायची, टाळू चाचपायची. तेव्हा सोमारी भेटली. नाल्यापलीकडच्या टोल्यावरची, म्हणजे जंगलाकडेच्या छोट्या वस्तीवरची, त्याच महिन्यात बाळंत झालेली. दवाखान्यात टोचणीला आली आणि वच्छलाकडं बघून तिनं विचारलं, "बाई, दूध नाई का तुमाले?" दुसऱ्या खेपेला तिनं पदराआडून भाजलेल्या मोहफुलांचे आणि गुळाचे लाडू काढून दिले. वच्छलानं न्हाणीघरात कडी लावून खाल्ले. लाडवांनी म्हणा की मनानं, दूध उतरलं. बाळी पोटभर पिऊन झोपायला लागली.

पण मोह हे नाव डॉक्टरसमोर काढायची सोय नव्हती. मोह म्हणजे दारू, हे त्याचं समीकरण. त्याचे वडील दारूपायी गेले होते. तो गावोगाव दारूबंदीवर बोलायचा, आणि बाबासाहेबांच्या जयंतीला यंदा पंचक्रोशीसमोर त्याचंच भाषण होतं. सोमारीनंही बजावलं होतं, "बाळंतिनीले देल्लं त्याचं नाव चारचौघात घ्यायचं नाई, बाई. आमच्यात घेतच नाई. दूध आटते." वच्छला तेव्हा हसली होती. बावीस प्रतिज्ञा पाठ असलेली बाई असल्या गोष्टींवर थोडीच विश्वास ठेवते? पण नाव तिनं घेतलं नव्हतं.

गेल्या आठवड्यात डॉक्टर टोल्यावर एका म्हाताऱ्याला तपासायला गेला, तेव्हा ती बाळीला घेऊन गाडीत बसली होती. सोमारीनं खिडकीतून सुक्या मोहफुलांचं गाठोडं आत सरकवलं. ते वच्छलानं मागच्या सीटच्या फटीत खोल दडपून ठेवलं. उतरताना काढू म्हटलं, तर वाटेतच क्लच गेला. लोकांनी ढकलत ढकलत गाडी थेट गॅरेजात नेली, आणि गाठोडं राहिलं ते राहिलंच.

आता ती बघायच्या निमित्तानं गाडीत वाकली. स्प्रिंगेला गाठोड्याचं हिरव्या लुगड्याचं फडकं अडकलं होतं. फाटलेलं, लाळेनं वाळून कडक झालेलं. फूल एकही उरलं नव्हतं. तिचा हात तिच्याआधी पुढं गेला. फडकं ओढून तिनं बाळीच्या लंगोटांच्या पिशवीत कोंबलं. कोणी पाहिलं नाही.

म्हणजे तिला तसं वाटलं. सरळ होऊन वळली, तर नाल्याकडच्या पायवाटेवर सोमारी उभी. डोक्यावर सासऱ्याच्या भाकरीची टोपली, पाठीशी बांधलेलं पोर. ती वच्छलाच्या पिशवीकडं बघत होती.

डॉक्टरनंही गाडीत डोकं घातलं आणि झटकन बाहेर काढलं. "मोहाचा वास येतो आहे."

"तेच तं सांगून राह्यलो..." मिस्त्री म्हणाला.

"काय सांगून राह्यले? कोणीतरी गाडीत बसून दारू प्यालं आहे. आणि सीट ब्लेडनं फाडली आहे. रात्री इथं कोण असतं?"

रात्री असायचा पोचू मडावी, सोमारीचा सासरा. गॅरेजचा राखणदार. उंच, वाळका, बोलण्यात कमी. मिस्त्रीनं त्याला हाक मारली. तो आला आणि डॉक्टरसमोर उभा राहिला.

"काय, पोचूभाऊ? खरं सांगा."

"अस्वल होतं, सायब. मादी होती. डबा वाजवला तं नाल्यात उतरली."

"तुम्ही घेता का?"

"देवाले वाहतो. तेवढीच."

"काल?"

"नाई."

"तोंड उघडा."

वच्छला म्हणणार होती, अहो, राहू द्या. शब्द ओठांपर्यंत आलेही. पण ते म्हटलं की मग पुढचंही म्हणावं लागलं असतं. पोचूनं एकदा सुनेकडं पाहिलं, मग टपरीवरच्या लोकांकडं, आणि तोंड उघडलं. त्याच्या वयाच्या माणसानं, सुनेसमोर. डॉक्टरनं वाकून हुंगलं, दवाखान्यात पोरांचे घसे बघायचा तसं.

"येतो आहे वास," तो मोठ्यानं म्हणाला.

यायचाच होता. चैत्रात टोल्यावर कोणाच्या तोंडाला मोहाचा वास नसतो? पहाटे वेचायचा, अंगणात वाळवायचा, पोळीत घालायचा. पण हे बोलायला कोणी उठलं नाही. जो मिस्त्री नागपूरच्या भाड्यात खोटा निघाला, त्याचं अस्वल कोण खरं मानणार? आणि मिस्त्रीला तरी आता कुठं लढायचं होतं? त्यानं वाऱ्याची दिशा पाहिली.

"सायब, तुमाले एक पैसाही नाई मागत सीटचा. ह्याच्याच पगारातून कापतो. आन् उद्यापासून येऊ नोको रे पोचू. माहं गॅरेज बदनाम करून राह्यला तू."

वच्छलानं सोमारीकडं पाहिलं. आता बोलेल, आता ती पिशवी दाखवेल. सोमारीचे ओठ घट्ट मिटलेले होते. ती वच्छलाकडं बघत नव्हती. वच्छलाच्या कडेवर चुळबुळणाऱ्या बाळीकडं बघत होती.

नाव घ्यायचं नाही. दूध आटतं.

तेव्हा वच्छलाच्या ध्यानात आलं, की ही बाई गप्प आहे ती माझ्या पोरीसाठी. आणि मी गप्प आहे ती माझ्यासाठी.

•

त्या संध्याकाळी डॉक्टर खुशीत होता. "बिल अर्ध्यावर आलं," तो म्हणाला. "तू पार्सल पाहिलं नसतं ना, तर मिस्त्रीनं मला बनवलं असतं."

वच्छला तांदूळ निवडत होती. तेच तेच ताट ती पुन्हा पुन्हा निवडत होती. फडकं अजून पिशवीत होतं, लंगोटांच्या खाली. तिनं दुपारी ते चुलीत घालायला काढलं आणि परत ठेवलं.

डॉक्टर खोलीत येरझारा घालत भाषण म्हणून बघायला लागला. दरवर्षीचंच होतं, तिला तोंडपाठ. पण मध्येच तो थांबला आणि त्यानं नवीन काही घातलं. "लांब कशाला जायचं, बंधूंनो? आपल्याच गावातला एक राखणदार. ज्याच्या भरवशावर दुसऱ्याची वस्तू ठेवली, त्याच वस्तूत बसून तो दारू प्याला. ब्लेडनं सीट फाडली आणि नाव कोणाचं घेतलं? मुक्या जनावराचं!" तो वळला. "कसं वाटतं? लोक हसतील, पण लक्षात ठेवतील."

"नाव घेणार त्यांचं?"

"छे. नाव कशाला?"

"नाव न घेता कळणार नाही असं कोण आहे गावात?"

"मग कळू दे. त्यात खोटं काय आहे?"

ताट बाजूला ठेवून वच्छला उठली. पिशवीतून फडकं काढलं आणि त्याच्या भाषणाच्या कागदावर ठेवलं. सांगायला लागली तेव्हा तिचा आवाज इतका बारीक होता, की डॉक्टरला दोनदा "काय?" म्हणावं लागलं. लाडू, न्हाणीघराची कडी, गाठोडं, स्प्रिंग. सगळं सांगितलं. नावही घेतलं. मोह. घेताना तिचा हात आपसूक छातीवर गेला, आणि त्या हाताची तिला लाज वाटली.

डॉक्टर खुर्चीत बसला.

"माझ्या घरात," तो म्हणाला.

"तुमच्या मुलीसाठी."

"मला सांगायचं तरी."

"सांगितलं असतं, तर खाऊ दिले असते?"

त्यानं भाषणाचा कागद फडक्याखालून ओढून घेतला. मग तो म्हणाला, "ठीक आहे. सीटचे पैसे मी मिस्त्रीला देऊन टाकतो. पोचूला परत ठेवायला सांगतो. कारण सांगायची गरज नाही. भाषणातून तेवढं काढतो. झालं."

"झालं?"

"मग काय दवंडी पिटायची, वच्छला? जयंती तोंडावर आली आहे. लोक म्हणतील, दारूबंदीवाल्याच्याच गाडीत मोह."

"त्यांचं तोंड तुम्ही गुपचूप हुंगलं नव्हतं," ती म्हणाली.

तो उठून खाली गेला. दवाखान्यात पेशंट नव्हता, तरी गेला.

•

सकाळी टपरीवर गर्दी असते तेव्हाच ती निघाली. मुद्दाम. एकट्या मिस्त्रीला गाठून सांगितलं असतं तर तेही लपवणंच झालं असतं. बाळी कडेवर, फडकं मुठीत. दवाखान्याच्या दारातून डॉक्टरनं तिला जाताना पाहिलं. "वच्छला," म्हणाला. तिनं मागं वळून पाहिलं नाही.

पोचू आपली घोंगडी आणि कंदील न्यायला आला होता. सोमारी बरोबर होती. मिस्त्री त्यांच्याकडं पाठ करून पाने-पकडी साफ करत होता, उगाचच.

वच्छलानं फडकं फियाटच्या बॉनेटवर पसरलं.

"मिस्त्री, ह्याच्यात मोहफुलं होती. माझी. मीच सीटमध्ये ठेवली होती. काल हे फडकं मी लपवलं. अस्वलच होतं. पोचूभाऊंनी जे सांगितलं ते सगळं खरं आहे."

बापूराव टपरीवाल्यालाही काही सुचलं नाही, आणि हे फार क्वचित घडायचं.

सोमारीच आधी ओरडली. "काऊन बोलल्या, बाई? एवढ्या मानसात! पोरीचं दूध..." आणि तिनं पुढं होऊन बाळीच्या कपाळावर हात ठेवला, जणू ते पोर आत्ताच आजारी पडलं.

"मंग मी एकच खोटं बोललो होतो, बाई," इसरू मिस्त्री म्हणाला. त्याच्या आवाजात टोमणा होता, पण दुखल्यासारखंही काही होतं. "नागपूरचं खोटं बोललो, ते खरं. पैशाचा मोह मलेही हाय. पन अस्वलाचं खरं बोललो होतो. तुमी दोन्ही एकाच तागडीत टाकले."

"हो," वच्छला म्हणाली. "सीटचे पैसे आम्हीच देणार."

"ते तं द्याच."

पोचू घोंगडीची घडी घालत होता. ती पूर्ण करून त्यानं खांद्यावर टाकली. मग विचारलं, "काल काऊन नाई बोलल्या?"

काल रात्रभर तिनं ह्या प्रश्नाला उत्तरं जुळवली होती. पोरगी, नवरा, जयंती, दूध. आता एकही तोंडातून निघेना. "भ्याले," ती म्हणाली.

"अस्वलाले आमीही भेतो," पोचू म्हणाला. "डबा तं वाजवतो."

तेवढ्यात लोक बाजूला सरकले. डॉक्टर आला होता, गळ्यात स्टेथोस्कोप तसाच. तिला थांबवायला आला की आणखी कशाला, हे तिला पुढंही कधी नीट कळलं नाही. पोचूनं त्याला पाहिलं. घोंगडी खाली ठेवली, दोन पावलं पुढं आला आणि त्याच्यासमोर तोंड उघडून उभा राहिला. कालच्यासारखंच. मोजके दात, कोरडी जीभ.

डॉक्टरनं मान खाली घातली. "चुकलं माझं, पोचूभाऊ," तो पुटपुटला.

पोचूनं तोंड मिटलं. "मोठ्यानं म्हना, सायब. काल मोठ्यानं म्हनलं होतं."

"चुकलं माझं!" डॉक्टर म्हणाला. आवाज टपरीपलीकडं, स्टँडवर उभ्या एसटीपर्यंत गेला. खिडकीतली दोन माणसं वळून बघायला लागली.

पोचूनं मान हलवली. मिस्त्री घाईनं म्हणाला, "पोचू, राहा ना बा. पगार नाई कापत." पोचूनं कंदील उचलला. "पाहू," एवढंच बोलला, आणि नाल्याच्या पायवाटेला लागला. सोमारी त्याच्यामागं गेली. जाताना तिनं बॉनेटवरचं आपलं फडकं उचलून नेलं. वच्छलाकडं तिनं पाहिलं नाही. पोचूनं डॉक्टरला बोलायला लावलं होतं, वच्छलाकडून मात्र त्यानं काहीच मागितलं नव्हतं. मागितलं असतं तर बरं वाटलं असतं.

घरी येईपर्यंत बाळी भुकेनं रडायला लागली होती. वच्छला खिडकीपाशी बसली, आणि मग उठून रस्त्याकडं पाठ करून बसली. पोराला पदराखाली घेतलं. वाट पाहिली.

दूध उतरलं. नेहमीसारखंच, किंबहुना जास्तच. बाळी गटगट प्यायला लागली, एका बाजूनं ओघळही आला. वच्छलाला हायसं वाटायला हवं होतं. पण क्षणभर तिच्या मनात आलं, थोडं आटलं असतं तर. थोडंसंच. काहीतरी आपल्याकडून गेलं असतं. मग ह्या विचारानंच ती इतकी घाबरली की तिनं पोराला घट्ट धरलं, आणि बाळी पिता पिता थांबून रागावून रडली.